डब्यावर फडकं कोणाचं

रविवार, ११ मे

सुट्टी. म्हणजे कंपनीला सुट्टी, मला कुठली. सकाळची भांडी तशीच टाकून कारखान्यात. (रोह्याची ती कंपनी, पेणचा आपला गणपतींचा तो कारखाना. दोन्हीकडे माझा जीव खातात, फरक इतकाच की एकीकडे पगार देतात.)

डबा (म्हणजे फाइली ठेवायची सामायिक डिस्क) अखेर लागला. दोन कॉम्प्युटर, मध्ये एकच डबा, दोघांनाही जोडलेला. स्कॅनचा कॉम्प्युटर मूर्तीचं सगळं मोजमाप डब्यात ठेवणार, कटरचा तिथूनच उचलून मशीनला देणार आणि मशीन ठोकळ्यातून हुबेहूब तशीच मूर्ती कापणार. पेनड्राइव्ह घेऊन इकडून तिकडे पळापळ बंद. नितीन बघत होता, जणू बायकोने हंड्यातून कबूतर काढलं. अरे बाबा, हेच मी रोज रोह्याला करते. तिथे कोणी चहासुद्धा विचारत नाही.

अण्णा खुर्ची ओढून जवळ बसले होते. उजवा हात मांडीवर, ठेवल्यासारखा. अर्धांग झाल्यापासून मातीला हात नाही, पण कारखान्यात येणं चुकवत नाहीत. सासरे म्हणून नाही, पण मला त्यांच्याकडे बघवत नाही कधीकधी.

"एका डब्यात दोघं हात घालनार? मंग भांडनं व्हतील."

म्हटलं, होतातच. म्हणून एक जण लिहायला बसला की डब्यावर आपली खूण टाकतो. ती खूण आहे तोवर दुसऱ्याला डब्यात काही करता येत नाही.

"म्हंजे वलं फडकं," अण्णा.

बरोब्बर! मला एवढं सुचलं नसतं. आपल्याकडे शाडूवर काम चालू असताना माणूस उठला की ओलं फडकं टाकून जातो. ओलं फडकं म्हणजे काम चालू, हात लावायचा नाय. मालकानेसुद्धा नाही. सुकं फडकं म्हणजे काम झालं, आता फक्त धूळ बसू नये म्हणून. नवा कारागीर आला की त्याला पहिलं हे सांगतात, पगाराचं नंतर.

"नि फडकं टाकनाराच आडवा झाला तं? कोन उचलनार?"

"मी."

"तूच?"

"मीच. रूटचा, म्हणजे सगळ्यात वरचा पासवर्ड माझ्याकडे आहे."

हसले. "मालकीन झालीस गो." आज बरं वाटलं.

बुधवार, १४ मे

लाइट गेली पेणला. स्कॅनचा कॉम्प्युटर मध्येच मेला आणि त्याची खूण डब्यावर तशीच. लाइट परत आली तरी कटर थंड. प्रशांतचे फोनवर फोन. माझा मोबाइल कंपनीच्या गेटवर जमा, प्लांटमध्ये न्यायची सोय नाही. जेवणाच्या सुट्टीत गेटवर आले तेव्हा मिस्ड कॉलची रांग. तिथेच उभ्या उभ्या मोबाइलवरून आत शिरले, मेलेल्याची खूण काढली. दोन मिनिटांचं काम. त्यासाठी धाकट्या दिराची अर्धी सकाळ गेली.

"वहिनी, पासवर्ड देऊन टाका ना. मी कुठं पळून चाललोय?"

देणार नाही म्हटलं.

त्याला समजावलं, पण समजलं की नाही देव जाणे. फाइल उघडणं, ठेवणं, पुसणं हे त्याला आत्ताही करता येतं, त्याची त्याची. पण खूण काढायचा हुकूम असा फाइलबिईलला विचारत बसत नाही, तो थेट डब्याच्या गळ्याशी जातो. आणि ज्या वाटेने खूण निघते त्याच वाटेने अख्खा डबाही कोरा होतो. ती वाट उघडली की मग तिथून काय आत शिरेल ते माझ्या हातात नाही. म्हणून सिस्टिम ती कोणालाही देत नाही, आणि म्हणून मीही.

"एवढं काय सोनं आहे त्या डब्यात?" म्हणे.

रविवार, १८ मे

घरात तोंडं फुगलेली. प्रशांत माझ्याशी नितीनमार्फत बोलतोय. "तिला सांग भाजीत मीठ जास्त झालंय." मी समोर बसलेली!

नितीन मधल्या मध्ये. "घरातल्या माणसावर विश्वास नाही का तुझा?" अरे, विश्वासाचा काय संबंध? मी माझ्या आईलाही दिला नसता.

कटर मशीनवाल्याचाही फोन. "मॅडम, आमच्या प्रोग्रामला पूर्ण परवानगी देऊन टाका, झंझटच नाही. आम्ही सगळीकडे तशीच देतो." सगळीकडे देता हे ऐकून माझ्या अंगावर काटा आला, त्याला वाटलं मी पाघळले.

एक मात्र लिहून ठेवते, कारण इथे कोणी वाचत नाही. याच आठवड्यात कंपनीत मी सावंत साहेबांकडे अशीच मुभा मागितली. साहेब: "कशासाठी? किती वेळ? झाल्यावर काढून कोण घेणार?" रोह्यापासून नागोठण्यापर्यंत गाडीत मी त्या माणसाला शिव्या घातल्या. कासू स्टेशनला लक्षात आलं, घरी मीच सावंत झालेय. फक्त चष्मा आणि ढेरी यायची बाकी.

गुरुवार, २२ मे

तोडगा काढला. प्रशांतला एक बटण करून दिलं. दाबलं की डबा सांगतो खूण कोणाची आहे आणि तो कॉम्प्युटर जिवंत आहे की मेलेला. नुसतं बघायला परवानगी लागत नाही, बघून कोणाचं काही बिघडत नाही. काढणं माझ्याकडेच. बटणाला नाव दिलं "फडकं कोणाचं?" अण्णांच्या मानाखातर.

प्रशांतने दाबून बघितलं. "नुसतं बघून काय करू? लोणचं घालू?"

पण बोलला माझ्याशीच, नितीनमार्फत नाही. म्हणजे राग उतरला. मीठही बेताचं होतं आज.

रविवार, १ जून

माळ्यावरून अण्णांची जुनी मॉडेलं उतरवली. सगळी कच्च्या शाडूची, त्यांनी हाताने घडवलेली. याच मॉडेलांवरून पूर्वी साचे निघायचे, ते साचे केव्हाच झिजून गेले. आता मॉडेलंही तडकलीत. उचलताना एकाचा नुसता पाट हातात आला, गणपती वर माळ्यावरच. नितीन पांढरा पडला.

यात तो आहे. आम्ही घरात त्याला "ऐकणारा" म्हणतो. बसलाय साधाच, पण मान किंचित कलती आणि डावा कान पुढे आलेला. समोर कोणी काही सांगतंय नि हा ऐकून घेतोय, असा. गावातले जुने लोक अजून विचारतात, तुमचा तो ऐकणारा काय झाला? अण्णांनी परत कधी तसा केला नाही. आता करणार कसा.

मी विचारलं, स्कॅन झाल्यावर मॉडेलं ठेवायची कुठे?

अण्णा लगेच, "ठेवायची कशापायी? भिजत घाला. माती हाय, परत कामाला येईल. स्कॅन झाला, सुकं फडकं पडला, की टाका पिंपात."

असं म्हणाले आणि मग बराच वेळ ऐकणाऱ्याच्या पाठीवर डावा हात ठेवून बसले. मी चहा आणायच्या निमित्ताने बाहेर आले.

डब्याची प्रत ठेवायला दुसरी डिस्क मागवलीय, आलेली नाही. मागची प्रत मी रोह्याला नेऊन ठेवलीय, पण त्यात ही मॉडेलं कुठून असणार? आल्याबरोबर करायचं.

गुरुवार, ५ जून

सुनंदाताईंनी आज सगळी मॉडेलं एकेक करून चकतीवर फिरवली. रंगकाम त्यांचं, पण हात असा हलका की स्कॅनला त्याच हव्यात असं मीच म्हटलं होतं. खाडीकडच्या गावातून येतात, मिठागरात वाढलेल्या. मॉडेल उचलताना पुटपुटतात, "ये रं देवा, बस." ऐकणाऱ्याला तर मांडीवरच घेतलं.

सगळ्या बाजूंनी फोटो झाले, डब्यातच ठेवले. त्यांची जोडणी कॉम्प्युटर करेल, उद्या दिवसभर चालेल. चालू ठेवून आले.

शुक्रवार, ६ जून

गाडीत लिहितेय. रोह्याला बसायला मिळालं. अक्षर बघावं लागेल उद्या काय आलंय ते.

आज दिवसभर प्लांटमध्ये. दुपारनंतर कंट्रोल रूमच्या फोनवरून ऑपरेटरने हाक मारली, "मॅडम, तुमच्या घरून." अण्णा. दुसरं काय येणार मनात?

प्रशांत होता. "वहिनी, घाबरू नका, सगळे बरे आहेत. पासवर्ड पाहिजे. आत्ता."

कटरवाला आलाय म्हणे. मशीनला डब्यातून काहीच उचलता येईना, अडवलाय असं सांगतंय. त्याचं निदान: जुनी खूण अडकली, डबा आतून बिघडलाय, माझ्याकडे दुरुस्तीचा प्रोग्राम आहे. तो दोनदा चालवला आणि दोन्ही वेळा सिस्टिमने तोंडावर दार आपटलं. ऑपरेशन नॉट परमिटेड.

"आणि स्कॅनचा कॉम्प्युटर?"

"तो बंद आहे. काम झालं ना त्याचं. मॉडेलं पण सकाळी भिजत घातली, अण्णा म्हणाले होते तशी."

मी म्हटलं ठीक. खरंच म्हटलं. वाटलं, लवकर आटोपलं असेल. माझं काम अर्धं उघडं पडलेलं, मागे शिफ्टवाला त्याच फोनसाठी ताटकळतोय. कटरवाल्याने फोन हिसकावलाच बहुतेक. "मॅडम, मी असाच परत जाऊ का? पासवर्ड द्या, नाहीतर माझ्या पेनड्राइव्हवरून हा कॉम्प्युटर चालू करतो. मग तुमच्या सिस्टिमला विचारायचंच कारण नाही."

मोबाइल गेटवर, इथून आत शिरून बघायची सोय नाही. चिडले होते, दमले होते. वाटलं, घाला एकदाचा तो पासवर्ड आणि माझं डोकं सोडा. प्रशांतला फोन द्या म्हटलं आणि सांगायला लागले. अर्धा सांगून झाला.

मागून अण्णांचा आवाज. "आरं पन फडकं कोनाचं हाय त्ये बगलंस काय?"

प्रशांत, "अण्णा, थांबा हो जरा."

माझ्या तोंडातलं पुढचं अक्षर तोंडातच राहिलं. "प्रशांत, बटण दाब."

"कुठलं?"

"लोणच्याचं!"

दाबलं. वाचलं. "स्कॅनचा, असं आलंय."

"जिवंत की मेलेला?"

एकदम बारीक आवाजात, "जिवंत. लिहितोय म्हणतो. पण वहिनी, तो तर बंद…"

बंदबिंद काही नव्हता. जोडणी चालू होती. मॉडेलं पिंपात विरघळलेली, आणि जगात ऐकणारा म्हणून जो काही उरला होता तो त्या क्षणी त्या डब्यात उतरत होता, अर्धा आत, अर्धा बाहेर. आणि आम्ही सगळे मिळून त्याच्यावरचं ओलं फडकं ओढायला निघालो होतो.

मी अशी काही ओरडले की कंट्रोल रूममधली माणसं पॅनल सोडून माझ्याकडे बघायला लागली. "कोणी कशाला हात लावायचा नाही! वायर नाही, कीबोर्ड नाही, पेनड्राइव्ह नाही! त्या माणसाला चहा दे आणि ओट्यावर बसव!"

मग विचारलं, तो दुरुस्तीचा प्रोग्राम, त्याच्या खिडकीत काय लिहिलंय? अडखळत वाचलं. इनिशियलाइज. दुरुस्ती कसली माझ्या कर्माची! डबा नव्यासारखा कोरा करायचा हुकूम. दोनदा दिला होता त्याने. दोनदा सिस्टिमने नाही म्हटलं. तिसऱ्यांदा तिला "हो" म्हणायला लावणारी मी.

नागोठणे गेलं. मला एकदम हसू येतंय. समोरची बाई बघतेय. बघू दे.

शनिवार, ७ जून

अर्ध्या दिवसाची रजा टाकली. काल गेल्या गेल्या आधी डबा बघितला, पायातल्या चपलाही काढल्या नव्हत्या. जोडणी चालूच होती. आज सकाळी पूर्ण झाली. खूण आपोआप निघाली, कोणी न उचलता.

आता, तो कॉम्प्युटर "बंद" कसा वाटला सगळ्यांना? सुनंदाताईंचा स्प्रे चालू होता काल. रंगाचा फवारा बसू नये म्हणून त्यांनी कॉम्प्युटरवर पडद्यासकट फडकं टाकलं. सुकं. प्रशांतने सकाळी बघितलं, सुकं फडकं! म्हणजे काम झालं. घातली मॉडेलं पिंपात. आपल्या कारखान्यातल्या कोणीही हेच केलं असतं. मीसुद्धा.

सुनंदाताई रडवेल्या. "गो वयनी, मंग काय कॉम्पुटरवर वलं फडकं टाकू? करंट नाय लागनार? सुकं टाकला तरी चुकला, वला टाकला तरी चुकला!"

आधी कोणी हसलं नाही. मग अण्णाच हसले, तोंडाच्या एका बाजूने, आणि मग सगळेच. प्रशांत तर भिंतीला टेकून खाली बसला. मला वाटलं हसतोय. डोळे पुसत होता. "वहिनी, मी स्वतःच्या हाताने घातला पिंपात. ऐकणाऱ्याला. आणि वर तुमच्याकडे पासवर्ड मागत होतो."

त्याला काय सांगणार? अर्धा मी दिला होता की. दोघांनी मिळून एक चहा घेतला, भांडण संपलं.

अण्णांचा हुकूम: कॉम्प्युटरशेजारी भिंतीत खिळा मारायचा. कॉम्प्युटर काम करत असला की खिळ्यावर ओलं फडकं टांगायचं. थेंब खाली वाटीत. मी दोन सर्व्हर सांभाळणारी बाई, आणि माझ्या यंत्रणेचा शेवटचा दुवा म्हणजे खिळा. पण खिळ्यावर विश्वास आहे माझा.

रविवार, ८ जून

नवी डिस्क काल संध्याकाळी आली, काय तो मुहूर्त. सगळ्याची प्रत केली. एक घरात, एक रोह्याला नेणार. पासवर्ड बदलला, अर्धा प्रशांतला पाठ झाला होता ना.

ऐकणाऱ्याची फाइल उघडून पडद्यावर फिरवली. अण्णा, नितीन, प्रशांत, सुनंदाताई, सगळे खुर्चीमागे गोळा. मान बरोबर. सोंड बरोबर. पाटाची चीरही आलीय. काय सुटल्यासारखं वाटलं! छातीवरचं पोतं कोणी उचलून नेलं.

एक खोट आहे. पुढे आलेल्या कानामागे भोक. तिथे कॅमेरा पोचलाच नाही, मान आड आली. कॉम्प्युटरला जे दिसलं नाही ते त्याने मोकळं सोडलं. कानामागची बाजू कशी होती हे आता विचारायचं तर पिंपाला विचारावं लागेल.

नितीन म्हणाला, भरून टाकतो मी, मागचीच बाजू आहे, कोणाला दिसतेय?

अण्णा: "ऱ्हाव दे."

बस्स. एवढंच.

रविवार, १५ जून

कटरवाला परत आला होता. या वेळी आवाज खाली. तरी जाता जाता चिकटपणा सोडला नाहीच. "मॅडम, आमच्या प्रोग्रामला ती परवानगी असती तर माझा तेव्हाचा हेलपाटा वाचला असता."

मी तोंड उघडायच्या आत प्रशांत: "तुमचा हेलपाटा वाचला असता नि आमचा गणपती गेला असता. चहा घ्या."

मी स्वयंपाकघरात जाऊन मनसोक्त हसून घेतलं. सावंत साहेबांनाही मनातल्या मनात माफ करून टाकलं. तोंडावर नाही करणार, चढून बसतील.

रविवार, २९ जून

कटरने ऐकणारा कापला. पांढरा, हलका, ठोकळ्यातून निघालेला. सगळे म्हणाले हुबेहूब. मला मात्र तो अनोळखी वाटत होता, गावाहून हजामत करून आलेल्या माणसासारखा.

अण्णांनी डोळे मिटून डाव्या हाताने चाचपला. सोंड, पोट, गुडघा. कानापाशी हात थांबला. मागे बोट गेलं, भोकात. काढलं नाही लगेच.

"हाय," म्हणाले. "त्योच हाय."

नितीन त्यावरून रबराचा साचा काढणार, मग शाडूची पहिली मूर्ती. भोकासकट. अण्णांनी भरू दिलं नाही. नितीन वैतागलाय, हंगाम तोंडावर आणि अण्णा एका कानासाठी अडून बसलेत. मी म्हटलं, बसू दे. इतके महिने ते कशासाठीच अडून बसले नव्हते.

शनिवार, १२ जुलै

नवा घोळ. कंपनी मला दोन आठवडे बाहेर पाठवणार, ट्रेनिंगला. हंगामाच्या ऐन तोंडावर. मोबाइल कधी हातात असेल, कधी नसेल. डब्यावर मेलेल्याची खूण अडकली तर काढणार कोण?

जेवताना विषय काढला. म्हटलं प्रशांत, तू घे पासवर्ड. कागदावर नाही, पाठ कर.

"मला नको!" ताटावरून हात वर, चटका बसल्यासारखा. "वहिनी, तुम्हीच ठेवा. कटर बंद राहिला तर राहू दे."

वा रे वा. जेव्हा मागत होता तेव्हा मी देत नव्हते, आता देतेय तर पळतोय.

नितीनला दे म्हणावं तर तो भिडस्त, कटरवाल्याने आवाज चढवला की देऊन मोकळा होईल. नितीनच म्हणाला, सुनंदाताई? चेष्टेत म्हणाला. मला चेष्टा वाटली नाही. त्या बाईला कोणी दमात घेऊ शकत नाही, आणि कशाला हात लावायचा नाही हे तिला शिकवावं लागत नाही. पण त्या करंटला भितात. पण कॉम्प्युटरवर फडकंही त्यांनीच टाकलं. पण…

ठरलं नाही. अण्णांना विचारलं, तुमच्या वेळी तुम्ही गावाला गेलात तर तुमचं फडकं कोण उचलायचं?

"कोनी नाय. मी येईपर्यंत सुकून जायचा. मंग परत वला करायचा."

माझ्या उपयोगाचं उत्तर नाही हे. का आहे? विचार करतेय.

बुधवार, १६ जुलै

कंपनीतून थेट कारखान्यात. स्टेशनवरून रिक्षा मिळेना, भिजत गेले.

ऐकणाऱ्याची पहिली शाडूची मूर्ती साच्यातून निघाली आज. मधल्या पाटावर ठेवलेली. बघायला म्हणून पुढे झाले तर तिच्यावर फडकं. ओलं.

"कोणाचं हे? नितीन, तू कामाला बसलायस का हिच्यावर?"

नितीनने नाही म्हणून मान हलवली. प्रशांत रंगाच्या डब्याचं झाकण लावत बसला, लागलेलंच होतं ते. सुनंदाताईंनी माझ्याकडे बघितलं आणि ओठावर बोट ठेवलं.

फडकं धड पिळलेलं नव्हतं. पाण्याने जड, एका अंगाला लोंबणारं, धार लागलेली. एका हाताने फडकं पिळता येत नाही. कानामागच्या बाजूला मात्र नीट, अगदी बेताने आवरून घेतलेलं, आणि पाटावर ताज्या मातीचा एक गोळा, बोटांचे ठसे असलेला. डाव्या हाताचे.

अण्णा बाहेर ओट्यावर बसले होते, पावसाकडे तोंड करून. नखांत शाडू. मी शेजारी बसले. काय केलंत, कसं जमलं, काही विचारलं नाही. त्यांनीच विचारलं, "तुजा पासवर्ड ठरला काय गो?"

"नाही."

"माजा पन कान नाय जमला अजून."

आत मूर्तीखाली पाण्याचं थारोळं झालं होतं. प्रशांतने पोतेरं आणून पाटाच्या कडेकडेने पुसून घेतलं, फडक्याला धक्का न लावता.